सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाबाची गोळी

पनवेलला धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना 1872 साली सुरू झाला. मुळ्या, काढे, भस्मे पनवेलकरांच्या चांगल्या ओळखीची. पण एखादी मुळी खरोखर गुणकारी आहे, हे आपण ठरवायचे कसे? रक्तदाबापुरते याचे एक उत्तर जवळच, मुंबईत शोधले गेले.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर पूर्वापार दिली जाई. ती रक्तदाबही उतरवते, असे 1931 साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या 50 रुग्णांना दिली, त्यांचा दाब मोजला आणि 1949 साली निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. तेव्हा जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

ते काम कसे करते? मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनलिन साठवलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आकसतात व दाब चढतो. रेसर्पिन हा साठाच रिता करते. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. मात्र त्याचा परिणाम मेंदूवरही होतो. मोठ्या मात्रेने काही रुग्णांना खिन्नता येऊ लागली. अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले.

दाब उतरला, पण माणूस वाचतो का? अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी खालचा दाब 115 ते 129 असलेल्या 143 पुरुषांचे दोन गट केले. 73 जणांना रेसर्पिनसह तीन औषधे दिली, 70 जणांना औषध नसलेल्या गोळ्या. 1967 साली निकाल आला. औषधाविना 27 जणांना गंभीर विकार जडले. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना.

आज साधारणपणे 140/90 किंवा त्याहून अधिक दाब पुन्हा पुन्हा आढळला, तर डॉक्टर औषधाचा विचार करतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास अधिक लवकर. मीठ कमी करणे आणि चालणे सर्वांनाच लागू. वाढलेला दाब बहुधा जाणवत नाही. म्हणून 'आता बरे वाटते' हे गोळी बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. वकिलांनी विश्वास ठेवला तो मोजमापावर. आपणही तेच करावे, आणि विद्यार्थ्यांनाही घरच्या वडीलधाऱ्यांचा दाब शेवटचा कधी मोजला, हे विचारायला सांगावे.