नक्कल आणि नियम : बागबाजारचे ‘पक्षी’ आणि प्रयोगशाळेतील कबुतरे



न समजता केलेल्या पाठांतराला आपण मराठीत ‘पोपटपंची’ म्हणतो. पक्षी फक्त नक्कल करतो, त्याला नियम कळत नाही, असे या शब्दात गृहीत धरलेले आहे. ते कितपत खरे आहे, हे या टिपणात पाहू.

सुरुवात माणसांच्या नकलेपासून करू. जुन्या कोलकात्यात बागबाजार येथे गांजा ओढणाऱ्यांचा एक प्रसिद्ध अड्डा होता. त्याला ‘पक्षीर दल’, म्हणजे पक्ष्यांची टोळी, म्हणत. प्रत्येक सभासदाला एका पक्ष्याचे नाव मिळे आणि त्याने त्या पक्ष्याप्रमाणेच वागायचे असे. शिवनाथ शास्त्री यांच्या ‘रामतनु लाहिडी ओ तत्कालीन बंगसमाज’ (१९०४) या ग्रंथात एक हकिकत आहे. ‘सुतारपक्षी’ झालेल्या मुलाला शोधत वडील अड्ड्यावर आले. त्यांनी त्याला धरायला हात पुढे करताच मुलाने हातावर टोच मारली!

नक्कल हुबेहूब असली, तरी ती पाहिलेल्या गोष्टीपुरती असते. नियम कळला की नाही, हे न पाहिलेल्या उदाहरणावरच ठरते. १९६४ मध्ये हर्नस्टाइन व लव्हलँड यांनी कबुतरांना रंगीत छायाचित्रे दाखवली. चित्रात माणूस असेल तेव्हा टोच मारल्यास दाणे मिळत. कबुतरांनी नव्या चित्रांतही माणूस ओळखला. १९९५ मध्ये जपानमध्ये वातानाबे व सहकाऱ्यांनी कबुतरांना मोने आणि पिकासो यांची चित्रे वेगळी ओळखायला शिकवले. या चित्रकारांची पूर्वी न दाखवलेली चित्रेही त्यांनी बरोबर वेगळी केली. म्हणजे येथे निव्वळ पाठांतर नव्हते.

मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. २००९ मध्ये झेब्रा फिंच पक्ष्यांनी स्वरांच्या दोन रचनांमधला फरक सहज शिकून घेतला. पण अगदी वेगळ्या प्रकारचे स्वर वापरताच बहुतेक पक्षी अडले. ते रचनेचा नियम नव्हे, तर स्वरांमधील साम्य ओळखत असावेत.

म्हणून ‘पक्षी हुशार की मठ्ठ?’ हा प्रश्नच अपुरा आहे. नवे उदाहरण दिल्यावर काय होते, हे विचारा. हीच कसोटी आपल्या अभ्यासालाही लावून पाहा : ओळखीचा प्रश्न सोडवता येणे आणि विषय समजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.