वळिवड्याची पोलिश शाळा

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. तिथेच, वळिवडे गावाजवळ, १९४३ साली पोलंड देशातली सुमारे पाच हजार माणसं राहायला आली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त.

१९४० मध्ये रशियाने त्यांना घरातून उचलून सायबेरियाच्या थंडीत पाठवलं होतं. उपासमारीत कुणाची आई गेली, कुणाचा बाप. सुटका झाल्यावर इराणमार्गे ती भारतात पोचली.

त्याआधी वर्षभर, १९४२ मध्ये, गुजरातेत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला समुद्राकाठी शेकडो पोलिश मुलांसाठी छावणी उघडली होती. यातली बरीच मुलं अनाथ. जामसाहेब त्यांचे बापू झाले. मुलांनी बसवलेली नाटकं बघायला ते स्वतः जात. तिथे वाढलेले लोक एक गंमत सांगत. रोजच्या पालकाला कंटाळून मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला. जामसाहेबांना कळलं, तर रागावणं दूरच, त्यांनी पालक शिजवायचंच बंद करायला सांगितलं! परक्या मुलाला आपलंसं करायचं तर सुरुवात ताटापासूनही होते, हे त्या राजाला कळलं होतं.

वळिवड्याला शाळा निघाल्या, त्या पोलिश भाषेतल्या. शिकवणाऱ्याही बहुतेक त्यांच्यातल्याच बाया. मुलांची वर्षं बुडालेली. मोठं मूल लहानांच्या वर्गात बसायचं म्हणजे लाज वाटणारच. पण आपल्या बोलीत धडा ऐकला की जीव थोडा थाऱ्यावर येतो. ऊसतोडीच्या फडातून मधेच शाळेत आलेलं पोर मागच्या बाकावर गप्प का बसतं, ते आपण बघतोच ना? अभ्यासासोबत स्काउटची पथकं होती, नाच-गाणी होती.

ही मुलं कोल्हापूरच्या मुलांसोबत एका वर्गात शिकली नाहीत, ही मला त्यातली उणीव वाटते. पण कारणही होतं. युद्ध संपलं की मायदेशी जायचं, म्हणून भाषा टिकवायची होती. प्रत्यक्षात पोलंडात राजवट बदलली आणि अनेकांना इंग्लंडसारख्या दुसऱ्याच देशांत घर करावं लागलं.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. त्याच बराकींत मग फाळणीत सिंधमधून बेघर झालेली कुटुंबं उतरली, आणि त्यांच्याच मेहनतीतून आजचं गांधीनगर उभं राहिलं.