श्रेणी आणि शिफारस

१० जुलै १८३३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मेकॉलेने एक चमत्कारिक वाटणारा युक्तिवाद केला. विद्यापीठांतून फलज्योतिष शिकवले जात असते, तर ज्याला उत्तम कुंडली मांडता येते तोच तरुण पुढे इतरांहून सरस निघाला असता, असे त्याचे म्हणणे होते. विषय कोणता हे त्याच्या लेखी गौण होते. नेमून दिलेल्या विषयात जो आपल्या समवयस्कांच्या पुढे जातो, त्याच्या ठायी बुद्धी आणि चिकाटी असते, आणि कारभाराला हेच गुण लागतात. १८५४ मध्ये त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी खुल्या स्पर्धापरीक्षेची शिफारस केली आणि १८५५ साली लंडनला पहिली परीक्षा झाली. तोवर या जागा कंपनीच्या डायरेक्टरांच्या मर्जीने वाटल्या जात.

पदवीधराला नोकरी देताना त्याची गुणपत्रिका पाहावी की पाहू नये, हा वाद आपल्याकडे बहुधा हा संदर्भ सोडून घातला जातो. एक पक्ष म्हणतो, गुण म्हणजे पाठांतराचे मोजमाप. दुसरा म्हणतो, गुण नकोत तर मग निवडायचे कशावरून? यातला दुसरा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण गुण हे मोकळ्या जागी येऊन बसलेले नाहीत. ते वशिल्याच्या जागी आले. ते उठून गेले, तर ती जागा पुन्हा कोण बळकावील याचा विचार आधी करायला हवा.

महाराष्ट्रात विद्वत्तेची परीक्षा आणि द्रव्य यांची सांगड इंग्रजांच्या आधीपासून होती. पेशवाईत श्रावणमासात पुण्याला दक्षिणेसाठी ब्राह्मण जमत. विद्वानांची शास्त्र्यांकडून परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा ठरे. परीक्षा होती, प्रतवारी होती. पण परीक्षेला बसण्याचा अधिकार जन्माने ठरलेला होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा तत्त्वतः हा अधिकार बदलला. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी लंडनच्या धर्तीवरची ही रचना होती. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. ते चार होते. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांत होते. आजही आपल्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. या साध्या रिवाजात केवढी मोठी गोष्ट सामावली आहे, हे ज्यांच्या नावावरून आणि आडनावावरूनच सारे ठरत आले, त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि क्रमांक आंधळा असला तरी परीक्षा आंधळी नसते. कोणत्या विषयाला किती गुण हे मालकच ठरवतो. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर मुलकी सेवेची परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. त्यानंतर लवकरच त्या परीक्षेतले संस्कृत आणि अरबी या विषयांचे गुण ५०० वरून ३७५ वर आणले गेले. लॅटिन-ग्रीकवर वाढलेल्या मुलांना याची झळ लागली नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता, आणि तो इथूनच आला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी दाखवून दिले, की सरकार ज्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च करते त्याचा लाभ आणि त्यातून मिळणाऱ्या सरकारी जागा मूठभर जातींच्या हाती राहतात. याच निवेदनात, ज्यांना महाविद्यालयात राहून शिकणे शक्य नाही अशांना खाजगी अभ्यास करून वरच्या परीक्षांना बसू द्यावे, अशीही त्यांची मागणी होती. म्हणजे फुले परीक्षा नाकारत नव्हते. ते तिचा दरवाजा रुंद करू पाहत होते. वीस वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. नेमणूक करणाऱ्याने गुण कोणी आणि कोणत्या परिस्थितीत मिळवले हेही पाहिले पाहिजे, हे तत्त्व इथे एका मालकानेच मान्य केले.

या दोन्ही बाजूंचा ताण एकाच आयुष्यात पाहायचा असेल तर डॉ. आंबेडकरांचे उदाहरण घ्यावे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. धनंजय कीर यांच्या चरित्रानुसार त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३८ टक्क्यांहूनही कमी. पुढल्या शिक्षणासाठी कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, महाराजांनी मुलाला भेटून प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. इथे शिफारस आणि मुलाखत यांनी जे ओळखले, ते गुणपत्रिकेवर नव्हते. पण गोष्ट इथे संपत नाही. १९१७ साली कोलंबियाची एम.ए. आणि तिथे सादर केलेला प्रबंध गाठीशी घेऊन ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका मालकाची दृष्टी स्वच्छ होती म्हणून कचेरीतल्या माणसांची होतेच असे नाही. व्यक्तीच्या पारखीवर सोडलेला न्याय हा त्या व्यक्तीपुरताच राहतो.

आता ते २८२ गुण आजच्या एखाद्या भरतीच्या चाळणीत टाकून पाहा. या शतकाच्या पहिल्या दशकात माहिती-तंत्रज्ञान कंपन्या महाविद्यालयांत भरतीला येत तेव्हा दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्क्यांची अट सर्रास घातली जाई. अशा अटीपुढे तो विद्यार्थी पहिल्याच पायरीवर गळाला असता. यावर कोणी म्हणेल, १९०७ चे ३८ टक्के आणि आजचे ३८ टक्के एक नव्हेत. अगदी खरे, आणि आमचेही म्हणणे तेच आहे. आकडा त्याच्या सालाशिवाय, विद्यापीठाशिवाय आणि विद्यार्थ्याच्या परिस्थितीशिवाय काहीच सांगत नाही. सरसकट अट मात्र नेमके हे तिन्ही पुसून टाकते.

सर्वांत मोठ्या मालकाने, म्हणजे शासनाने, वेगळी वाट धरली आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, पदवीचे गुण लागत नाहीत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची फारकत करावी असेच सुचवले होते. परंतु स्वतःची परीक्षा घेण्याने प्रश्न सुटत नाही, तो पुढे सरकतो. विद्यापीठातली तीन वर्षे जमेस धरायची नाहीत असे ठरले, की ती वर्षे वाचनात घालवण्यापेक्षा शिकवणीवर्गात घालवणे शहाणपणाचे ठरते, आणि त्या वर्गांची फी सर्वांना परवडत नाही.

आम्हां साहित्याच्या लोकांना हा विषय परका नाही. अध्यापक होण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.ए.ला ५५ टक्क्यांची अट घातली, आणि २०१८ च्या विनियमांतही ती कायम राहिली. अनुसूचित जाती-जमातींसारख्या वर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे आकडा परिस्थितीनुसार वाचावा लागतो हे आयोगालाही मान्य आहे. पण ज्ञानेश्वरीवरच्या एका दीर्घोत्तराला १२ द्यावेत की १३, याबद्दल दोन जाणत्या परीक्षकांचे एकमत होत नाही, हे उत्तरपत्रिका तपासणारा प्रत्येक जण जाणतो. त्या एका गुणाने ५४ आणि ५५ यांच्यामध्ये भिंत उभी राहते, आणि पलीकडल्याचे लेखन, संशोधन, शिकवण्याची हातोटी यांतले काहीच मुलाखतीच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

म्हणून आमचे मत असे, की गुण अवश्य पाहावेत, पण साक्षीदार म्हणून. न्यायाधीश म्हणून नव्हे. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येतात. हे गुण कोणत्या विषयात, कोणत्या वर्षी, नोकरी करून की घरच्या आधारावर? पहिल्या वर्षापासून तिसऱ्यापर्यंत आलेख चढला की उतरला? त्याच्या जोडीला उमेदवाराचे काम पाहावे: त्याने लिहिलेली दहा पाने, त्याने शिकवलेला एक तास. आणि मुलाखतीचेही गुण आधी ठरवून, कारणांसह नोंदवावेत. नाही तर पुढच्या दाराने बाहेर काढलेला वशिला ‘व्यक्तिमत्त्वा’च्या नावाने मागच्या दाराने आत येतो. हे सारे कष्टाचे आहे, आकड्याची रेघ मारणे सोपे आहे. मात्र रेघ मारणाऱ्याने तिला गुणवत्ता म्हणू नये. ती सोय आहे, आणि तिची किंमत रेघेखाली राहिलेला उमेदवार भरतो.