उतरणीवरची माळ

साधी यंत्रं हा धडा आठवतोय ना? तरफ, कप्पी, पाचर आणि उतरण. उतरणीचा यांत्रिक फायदा म्हणजे तिची लांबी भागिले उंची. चार मीटर लांबीची फळी एक मीटर उंच ट्रकला लावली, तर पिंप वर चढवायला त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढा जोर पुरतो. 'घर्षण सोडून', हे सर न विसरता म्हणायचे. गणित दोन मार्कांचं, की लगेच पुढचा धडा.

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आठवणी लिहाव्यात असं मनात आलं नाही. त्या आपल्या बॅचमधले बाकीचे माझ्याहून रंगवून लिहितील. मला या एका ओळीचा इतिहास सांगायचा आहे.

तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केला होता. तरफ त्या मानाने सोपी, कारण दोन्हीकडची वजनं सरळ खालीच ओढतात. उतरणीवर मात्र वजन खाली ओढतं, फळी स्वतःला काटकोनात रेटते आणि दोरी फळीच्या दिशेने खेचते. तीन बलं, तीन दिशा. यांची बेरीज करायची कशी? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने उतरणीचा हिशेब मांडला आणि तो चुकला. तेराव्या शतकात जॉर्डेनस नावाच्या गणितीच्या परंपरेतल्या हस्तलिखितात बरोबर उत्तर सापडतं. पण जी सिद्धता मला सगळ्यात आवडते, ती १५८६ सालची आहे.

ती सायमन स्टेव्हिनची. जन्म १५४८, गाव ब्रूज, आजच्या बेल्जियममधलं. पुढे तो हॉलंडमध्ये राजपुत्र मॉरिसचा सल्लागार झाला. किल्ले, पाण्याचे दरवाजे, पवनचक्क्या आणि समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने पळणारी शिडाची गाडी, असा त्याचा व्याप. म्हणजे आपल्या भाषेत पक्का इंजिनिअर. युरोपात दशांश अपूर्णांक रुळवणारी छोटी पुस्तिका त्याने १५८५ मध्ये काढली आणि पुढच्याच वर्षी लायडनमध्ये वजनांच्या शास्त्रावरचं पुस्तक छापलं.

त्यातली सिद्धता अशी. एक त्रिकोणी ठोकळा घ्या. पाया आडवा, वर दोन उतरणी, डावी उजवीच्या दुप्पट लांब. सारख्या वजनाच्या चौदा गोट्या सारख्या अंतरावर ओवून बंद माळ करा आणि ती ठोकळ्यावर टाका. लांब उतरणीवर चार गोट्या येतील, आखूड उतरणीवर दोन आणि बाकीच्या आठ खाली झुलतील. आता प्रश्न असा, की माळ आपोआप सरकेल का? चार विरुद्ध दोन, तेव्हा चारच्या बाजूला सरकायला हवी असं कुणालाही वाटेल. समजा सरकली. एक गोटी खाली गेली, तिच्या जागी मागची आली. मांडणी? तीच. चार, दोन, आठ. म्हणजे सरकण्याचं कारण जसंच्या तसं शिल्लक, म्हणून माळ पुन्हा सरकेल, पुन्हा सरकेल आणि कायमची फिरत राहील. आम्ही प्रोग्रॅमर याला इन्फिनिट लूप म्हणतो. स्टेव्हिन म्हणाला, हे अशक्य आहे, म्हणून माळ सरकतच नाही. खालच्या आठ गोट्या दोन्ही बाजूंना सारख्याच ओढतात, तेव्हा त्या कापून टाका. उरल्या लांब उतरणीवरच्या चार आणि आखूड उतरणीवरच्या दोन, एकमेकींना तोलून धरलेल्या. लांबी दुप्पट असेल तर दुप्पट वजन तोललं जातं. झाला आपला यांत्रिक फायदा! एकही समीकरण नाही. स्टेव्हिन यावर इतका खूश होता, की हे चित्र त्याने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर टाकलं आणि वर ब्रीद लिहिलं. त्याचा भाव असा, की हे नवल वाटतं खरं, पण नवल नाही.

यातला कणा आहे तो 'आपोआप कायम फिरणारं काही नसतं' हा. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त स्वयंवह यंत्राचं वर्णन केलं आहे: पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलं, आपोआप फिरणारं चाक. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख पाहायला जाल तेव्हा हेही आठवा. ते चाक फिरत नाही, आणि भास्कराचार्य थोर आहेत, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. स्टेव्हिनने त्या न फिरण्यालाच कामाला लावलं.

उतरणीचं हे प्रमाण हातात आल्यावर तिरक्या दोऱ्यांना टांगलेल्या वजनांचा हिशेब त्याला जमला. पण बलांचा समांतरभुज चौकोन सर्वसाधारण नियम म्हणून मांडला गेला तो १६८७ मध्ये, तोही एकाच वर्षात तिघांकडून. न्यूटनने तो 'प्रिन्सिपिया'त गतीच्या तीन नियमांपाठोपाठ पहिला उपसिद्धांत म्हणून दिला, पॅरिसमध्ये व्हॅरिन्यॉनने त्यावर सगळं स्थितिशास्त्र उभं करायची योजना छापली आणि लामी नावाच्या धर्मगुरूने एका पत्रात मांडला. हाच तो लामी, ज्याच्या प्रमेयाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ॲप्लाइड मेकॅनिक्समध्ये आपल्यापैकी कित्येकांना छळलं. आर्किमिडीजपासून इथवर एकोणीसशे वर्षं, आणि अकरावीत त्याला एक तास!

त्या तासाला माझ्यापुढची अडचण वेगळीच होती. 'रिझल्टंट', 'इक्विलिब्रियम', 'व्हेक्टर' फळ्यावर आले, आणि मी वहीच्या समासात परिणामी बल, समतोल, सदिश असे अर्थ लिहीत बसले. 'व्हेक्टर' म्हणजे लॅटिनमध्ये वाहून नेणारा. त्यातून काय कळतं? 'सदिश' म्हणजे दिशेसह. आपल्या शब्दात व्याख्याच बसलेली आहे.

म्हणूनच मला स्टेव्हिन जवळचा वाटतो. विद्वान लॅटिनमध्ये लिहीत त्या काळात त्याने हे पुस्तक डचमध्ये लिहिलं, शब्द नव्हते तिथे घडवले आणि डच ही शास्त्राला सर्वांत योग्य भाषा आहे असा निबंधच पुस्तकाला जोडला. हा दावा मला अतिरेकी वाटतो. पण गणितासाठी त्याने घडवलेल्या शब्दातूनच आलेला 'विस्कुंडे' हा शब्द डच मुलं आजही वापरतात.

शाळेत आता सेमी-इंग्रजी आलं. त्यावरून ग्रुपवर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजू स्टेव्हिनचं नाव घेऊ शकतील. डचबाहेर हे पुस्तक पोचलं ते १६०५ नंतर, स्नेलियसने केलेल्या लॅटिन भाषांतरातून. स्नेलियस म्हणजे अपवर्तनाच्या नियमातला आपला स्नेल. आणि १६०० साली लायडनला इंजिनिअर घडवण्याची शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रम स्टेव्हिनने आखला. तिथे मोजणी आणि किल्लेबांधणी शिकायला येणाऱ्यांना गणित डचमधूनच शिकवलं जायचं.