मृतांसाठीं रदबदली

इ. स. १५४६ च्या डिसेंबर महिन्याच्या ३० तारखेस इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें आपलें मृत्युपत्र केलें. रोमच्या पोपची सत्ता झुगारून देणारा आणि देशांतील झाडून सारे मठ मोडून त्यांची संपत्ति सरकारजमा करणारा असा हा राजा. परंतु अंतकाळ जवळ आल्यावर त्यानें काय मागावें? कुमारी मरिया व स्वर्गांतील सर्व साधुसंत यांनीं आपल्यासाठीं देवाजवळ प्रार्थना करावी, अशी विनवणी त्यानें मृत्युपत्रांत केली. आणि विंडसर येथील देवालयांत आपल्या समाधीजवळ, जग असेपर्यंत, रोज मिस्सा व्हावी म्हणून वर्षास ६०० पौंड उत्पन्नाच्या जमिनी लावून दिल्या. २८ जानेवारी १५४७ रोजीं तो वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या नांवानें भरलेल्या पार्लमेंटनें कायदा केला कीं, मृतांच्या आत्म्यांसाठीं मिस्सा म्हणविण्याकरितां ठेवलेल्या देणग्या राजाच्या खजिन्यांत जमा व्हाव्या. बापाचें वर्षश्राद्धहि अजून व्हावयाचें होतें, असें आपल्याकडे कोणी म्हणेल.

विंडसरचें देवालय त्या कायद्यांतून वगळलें होतें. पण दोन वर्षांनीं जुनी मिस्साच बंद झाली, तेव्हां देवालय राहिलें आणि राजानें ज्यासाठीं जमिनी दिल्या तें कार्य गेलें. एवढ्या सत्ताधीश पुरुषाची शेवटची इच्छा त्याच्याच दरबारच्या माणसांनीं बाजूस सारावी, याच्या मागें केवळ पैशाचा लोभ नव्हता. लोभ होताच, परंतु त्याहून जुना असा एक प्रश्न होता. देव आणि मनुष्य यांच्यामध्यें उभें राहून बोलण्याचा अधिकार कोणाचा?

आपल्या भाषेंत मध्यस्थ म्हटला कीं लग्न जुळविणारा किंवा भाऊबंदकी मिटविणारा एखादा वडीलधारा गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. त्यानें कोणत्याच पक्षाचें असूं नये, अशी आपली अपेक्षा असते. ख्रिस्ती धर्मांतील मध्यस्थ याच्या अगदीं उलट आहे. तो दोन्ही पक्षांचा आहे. येशू ख्रिस्त पूर्णपणें देव आणि पूर्णपणें मनुष्य, असा निर्णय इ. स. ४५१ मध्यें कॅल्सिडॉन येथील धर्मपरिषदेनें दिला, आणि त्याच्या मध्यस्थीचें सारें बळ या दुहेरी नात्यांत आहे. नव्या करारांतील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत त्याला महायाजकाची उपमा दिली आहे. यरुशलेमचा महायाजक वर्षांतून एकदां बलिपशूचें रक्त घेऊन मंदिराच्या परमपवित्र स्थानीं प्रवेश करी. ख्रिस्तानें स्वतःचेंच बलिदान एकदांच केलें, आणि तो आतां स्वर्गांत मनुष्यांसाठीं निरंतर रदबदली करीत आहे, असा त्या पत्राचा आशय. योहानाच्या पहिल्या पत्रांत तोच ख्रिस्त पापी मनुष्याचा वकील म्हणून येतो. जुन्या मराठी भाषांतरकारांनीं तेथें ‘कैवारी’ हा शब्द योजला आहे, आणि तो फार नेमका आहे. वकील पैसे घेऊन बोलतो, कैवारी जिव्हाळ्यानें बोलतो.

देव आणि मनुष्य यांच्यामध्यें मध्यस्थ एकच, असें पौलाच्या नांवें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत स्पष्ट म्हटलें आहे. गंमत अशी कीं, त्याच अध्यायाच्या आरंभीं सर्व मनुष्यांसाठीं, राजांसाठीं व अधिकाऱ्यांसाठीं विनवण्या व प्रार्थना करण्यास सांगितलें आहे. पांच वचनांच्या आंत दोन्ही गोष्टी! मध्यस्थ एक असतां आपण एकमेकांसाठीं शब्द टाकावयाचा तो कशाला, ही शंका पत्र लिहिणाऱ्यास शिवलेलीहि दिसत नाहीं. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांसहि ती शिवली नाहीं. एका शरीराच्या अवयवांनीं परस्परांची काळजी वाहावी, तसें हें त्यांना वाटे.

जिवंतांसाठीं प्रार्थना करण्यावरून पुढेंहि कधीं मोठें भांडण झालें नाहीं. भांडण झालें तें मेलेल्यांवरून. ते आपल्यासाठीं रदबदली करतात काय, आणि आपण त्यांच्यासाठीं करावी काय?

इ. स. ३८७ मध्यें रोमजवळच्या ओस्तिया बंदरांत मोनिका नांवाची एक आफ्रिकेंतील बाई मरणपंथास लागली होती. तिनें आपल्या उनाड, बुद्धिमान मुलासाठीं वर्षानुवर्षें रडून प्रार्थना केल्या होत्या, आणि त्याच वर्षीं त्याचा बाप्तिस्मा झालेला तिनें पाहिला होता. परदेशांत मरण आलें तर काय, म्हणून घरच्या माणसांस चिंता पडली. तिनें सांगितलें कीं, देह कोठेंहि पुरा. वेदीपाशीं उभे राहाल तेव्हां माझी आठवण ठेवा म्हणजे झालें. तिचा तो मुलगा म्हणजे पुढें पाश्चात्य ख्रिस्ती जगाचा आचार्य ठरलेला संत ऑगस्टीन. आपल्या आत्मनिवेदनांत त्यानें हा प्रसंग लिहिला आणि वाचकांसहि विनविलें कीं, माझ्या आईबापांची प्रार्थनेंत आठवण ठेवा. ज्या आईनें मुलासाठीं देवाजवळ धरणें धरलें, तिच्यासाठीं आतां मुलानें हात जोडले. या प्रार्थनेंत कोणाला धर्मभ्रष्टता दिसली नाहीं.

पुढील हजार वर्षांत या साध्या आठवणीभोंवतीं मोठी व्यवस्था उभी राहिली. स्वर्गाला योग्य होण्यापूर्वीं आत्म्यानें जेथें आपल्या दोषांचें क्षालन करावयाचें, त्या शुद्धिस्थानाची कल्पना रेखीव झाली. तेथील आत्म्यांचा भार जिवंतांच्या प्रार्थनांनीं हलका होतो, हें १२७४ च्या लियोन येथील व १४३९ च्या फ्लॉरेन्स येथील परिषदांनीं मान्य केलें. क्लूनी येथील मठाचा अधिपति ओदिलो यानें सुरू केलेला २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस युरोपभर पसरला. श्रीमंत लोक तर मृत्युपत्रांतच मिस्सांची संख्या घालूं लागले. आठव्या हेन्रीचा बाप सातवा हेन्री यानें १५०९ मध्यें आपल्या आत्म्यासाठीं १०,००० मिस्सा सांगितल्या, आणि त्यांपैकीं कोणाच्या सन्मानार्थ किती, याचा हिशेबहि लिहून ठेवला. तो राजा हिशेबाला पक्का म्हणून प्रसिद्धच होता.

हें सर्व वाचून हंसूं येणें सोपें आहे. परंतु गरिबांच्या खेड्यांतील रीत पाहिली म्हणजे हंसूं मावळतें. वर्षांतून ठरलेल्या दिवशीं पुरोहित व्यासपीठावरून गांवांतील मृतांच्या नांवांची यादी वाची. ज्यांनीं देवळाला काहीं दिलें, मग तें चांदीचें पात्र असो कीं एक मेंढी असो, त्यांचीं नांवें त्या यादींत असत. आणि नांव ऐकतांच सारा गांव त्याच्यासाठीं प्रार्थना करी. महालयांत पितरांचे नामगोत्र उच्चारतांना जी भावना आपल्या घरांतून असते, तिच्याशीं याचें साम्य सहज ध्यानीं येईल. भेद इतकाच कीं, येथें पुत्रपौत्र नसलेल्या मनुष्याचेंहि नांव घेण्यास सबंध गांव बांधलेला होता.

डेव्हन परगण्यांतील मोरबाथ हें असेंच तीस-पस्तीस कुटुंबांचें, मेंढ्यांवर जगणारें गांव. १५२० पासून १५७४ पर्यंत तेथें ख्रिस्तोफर ट्रिकी नांवाचा एकच पुरोहित होता, आणि त्यानें लिहिलेल्या देवळाच्या हिशेबवह्या सुदैवानें शिल्लक आहेत. इतिहासकार ईमन डफी यांनीं २००१ सालीं त्यांवर एक सुंदर ग्रंथ लिहिला. मृतांच्या मिस्सेच्या वेळीं घालावयाचीं काळीं वस्त्रें गांवाला असावीं, असा या पुरोहिताचा ध्यास होता. लोकरीच्या उत्पन्नांतील आपला लहानसा हक्क बाजूस टाकीत त्यानें सुमारें वीस वर्षें पैसे सांठविले. वस्त्रें आलीं तीं १५४७ मध्यें. म्हणजे ज्या वर्षीं राजानें मृतांच्या मिस्सांच्या मुळावर घाव घातला त्याच वर्षीं.

असा घाव घालणारे लोक कोण होते? त्यांची बाजूहि मनापासूनची होती. मार्टिन लूथरनें १५१७ मध्यें पापदंडाच्या माफीपत्रांवर हल्ला चढविला, त्या वेळीं त्याला बोंचत होती ती गोष्ट अशी कीं, ख्रिस्तानें जें फुकट दिलें तें दुकानांत विकलें जात आहे. मध्यस्थाचें बलिदान पुरेसें असेल तर त्यावर भर घालण्यास हजार मिस्सा कशाला. आणि पुरेसें नसेल तर तो मध्यस्थ कसला? यहूदा मक्काबी यानें लढाईंत पडलेल्या शिपायांच्या पापांसाठीं यरुशलेमास अर्पण पाठविलें, अशी कथा ज्या जुन्या ग्रंथांत आहे, त्या ग्रंथास लूथरनें १५३४ च्या आपल्या बायबलांत दुय्यम स्थान दिलें. इंग्लंडांत सायमन फिश यानें १५२९ च्या सुमारास भिकाऱ्यांच्या नांवें राजास एक अर्ज छापला. पुरोहित आत्म्यांना सोडवूं शकतात, तर पैसे न देणाऱ्या गरिबाला ते यातनेंत कां ठेवतात, असा त्याचा रोकडा सवाल होता. या सवालास जुन्या पक्षाकडून सरळ उत्तर आलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

जें उत्तर आलें तें मात्र विलक्षण होतें. सर थॉमस मोर यानें त्याच वर्षीं मृतात्म्यांच्याच तोंडून एक विनंतिपत्र लिहिलें. शुद्धिस्थानांतील जीव त्यांत जिवंतांस हांक मारतात. बायका दुसऱ्या संसारांत रमल्या, मुलें वाटण्यांत गुंतलीं, आणि आतां हा ग्रंथकार आमची उरलीसुरली आठवणहि पुसूं पाहतो, अशी त्यांची तक्रार आहे. तर्काच्या दृष्टीनें फिशचें पारडें जड वाटेल. पण मोरला जें कळलें होतें तें फिशला कळलें नव्हतें. मेलेल्या माणसासाठीं आपण अजून काहीं करूं शकतों, हा भाव एकदां नाहींसा झाला म्हणजे तें माणूस दुसऱ्यांदा मरतें.

१५४७ च्या कायद्यानें दोन हजारांवर लहान देवालयें व त्यांच्या देणग्या गेल्या. तेथील कित्येक पुरोहित गांवांतील मुलांस शिकवीत, त्या शाळाहि डळमळल्या. १५४९ मध्यें इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचें झालें, आणि डेव्हन व कॉर्नवॉल येथील शेतकरी शस्त्र घेऊन उठले. त्यांनीं राजाकडे पाठविलेल्या मागण्यांत एक मागणी अशी होती कीं, प्रत्येक पुरोहितानें शुद्धिस्थानांतील आत्म्यांसाठीं, पूर्वज करीत आले तशी, नांवें घेऊन प्रार्थना करावी. अन्नासाठीं झालेलीं बंडें इतिहासांत पुष्कळ. पूर्वजांचीं नांवें मोठ्यानें वाचलीं जावीं म्हणून झालेलीं थोडीं. मोरबाथच्या चिमुकल्या गांवानेंहि एक्झेटरला वेढा घालून बसलेल्या बंडखोरांच्या छावणींत पांच तरुण पाठविले, असें त्या हिशेबवहींतून दिसतें. ऑगस्टच्या आरंभीं वेढा उठला, आणि हजारों लोक कापले गेले. आर्चबिशप क्रॅन्मर यानें बंडखोरांच्या कलमांना सविस्तर उत्तर लिहिलें. ख्रिस्ताच्या रक्तानें पूर्ण शुद्धि होत नाहीं असें मानणें हा ख्रिस्ताचाच अपमान आहे, असें त्याचें म्हणणें. दोन्ही पक्ष एकाच मध्यस्थाच्या मानासाठीं भांडत होते.

त्या क्रॅन्मरच्याच लेखणींतून झालेला एक लहानसा फेरफार सर्व कायद्यांहून बोलका आहे. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांतील अंत्यविधींत पुरोहित प्रेतावर माती टाकतांना प्रत्यक्ष मृतालाच उद्देशून बोलत असे. तुझा आत्मा मी देवाच्या स्वाधीन करतों, असें म्हणत असे. १५५२ च्या पुस्तकांत तो मृताकडून वळून कडेला उभ्या असलेल्या मंडळींशीं बोलूं लागला. खड्ड्यांतल्या माणसाशीं बोलणें संपलें.

मेरी राणीच्या काळांत जुनी मिस्सा परत आली, एलिझाबेथच्या काळांत परत गेली. १५६३ सालीं, एकाच वर्षीं, इंग्लंडच्या धर्मसभेनें शुद्धिस्थान व संतांचा धांवा निराधार ठरविला आणि ट्रेंटच्या रोमन कॅथॉलिक परिषदेनें दोन्ही ग्राह्य ठरवून त्यांतील पैशाच्या व्यवहारास मनाई केली. ट्रिकी मात्र मोरबाथमध्येंच राहिला. चार राजवटींच्या आज्ञा त्यानें पाळल्या आणि आपलें गांव सोडलें नाहीं.

ज्यांना देश सोडणें बरें वाटलें त्यांतील एकाचा मराठीशीं निकट संबंध आहे. बंडाच्या सुमारास, १५४९ मध्यें, विल्टशायरमधील बुश्टन येथें जन्मलेला थॉमस स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ मध्यें गोव्यास उतरला. श्रोत्यांना ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून त्याचें नांव ठाऊक असेलच. मायदेशीं ज्या श्रद्धेला थारा राहिला नाहीं, ती त्यानें ओवींत घातली; तें पुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. गोव्यांत व वसईंत २ नोव्हेंबरला लोक आजहि आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलें व मेणबत्त्या घेऊन जातात, तें ओदिलोच्याच दिवशीं.

इंग्लंडांत हा विषय साडेतीनशें वर्षें बहुतेक निजलेला होता. १९१४ च्या महायुद्धानें तो जागा केला. फ्रान्समध्यें पडलेल्या मुलांचे देहहि घरीं येईनात. त्यांच्यासाठीं प्रार्थना करूं नका, असें त्यांच्या आयांना सांगणें पुष्कळ धर्मोपदेशकांना जड जाऊं लागलें, आणि युद्धकाळांत मृतांसाठीं प्रार्थनांचे पाठ अधिकृत रीतीनें निघाले. शांततेनंतर तशा प्रार्थनांचा समावेश असलेलें सुधारलेलें प्रार्थनापुस्तक पार्लमेंटपुढें आलें, तें १९२७ मध्यें व पुन्हां १९२८ मध्यें नामंजूर झालें. त्यांत इतरहि वादाचे मुद्दे होतेच. परंतु तोंपर्यंत गांवोगांव दगडी स्मारकें उभीं राहिलीं होतीं. नोव्हेंबर महिन्यांत ठराविक रविवारीं तेथें गांव जमतो, आणि कोणी एक जण युद्धांत गेलेल्यांचीं नांवें एकामागून एक मोठ्यानें वाचतो.