सलणे, दुखणे आणि दुःख

भाजे येथील लेणी पाहून परतताना आम्ही मळवली स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी मावळातील एक वृद्ध बाई होत्या. प्रकृती दाखविण्यासाठी त्या पुण्यास निघाल्या होत्या, व बरोबर कॉलेजात शिकणारा नातू होता. त्याच्या हाती एक छापील इंग्रजी कागद असून त्यावर 'पेन' या शब्दापुढे शून्यापासून दहापर्यंत आकडे मांडलेले होते. "आजी, छातीत किती दुखतं ते सांग," असे त्याने विचारले. बाई म्हणाल्या, "दुखत न्हाई रं बाळा, सलतंय. तुझा बाप गेल्यापासनं सलतंय." आमच्या हातातील इंग्रजी पुस्तक पाहून तो मुलगा आम्हांकडे वळला व म्हणाला, "सर, सलण्याला इंग्रजीत काय म्हणतात?" इतकी वर्षे इंग्रजी शिकवूनही आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. ते ऋण फेडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'सलणे' यास सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द 'रँकल' हा होय. त्याचे मूळ लॅटिनमधील 'लहान सर्प' या अर्थाच्या शब्दात आहे. जुन्या फ्रेंच भाषेत तो चिघळणाऱ्या व्रणाचा वाचक झाला आणि तेथून इंग्रजीत आला. परंतु आज इंग्रजीत व्रण 'रँकल' होत नाही. अपमान होतो, जुने वैर होते. शब्द देहातून निघाला व मनात जाऊन राहिला. आमच्या 'सल' शब्दाने मात्र घर सोडले नाही. 'शल्य' म्हणजे बाणाचे टोक किंवा काटा. तो पायात सलतो, आणि गेलेला पुत्र काळजात सलतो, क्रियापद एकच.

इंग्रजीतील दुःखवाचक शब्दांची कुळे शोधू लागले, म्हणजे देहाकडून मनाकडे झालेला हा प्रवास पदोपदी दिसतो. 'ग्रीफ' या शब्दाच्या मुळाशी जडपणा आहे, तर 'अँग्विश' याच्या मुळाशी अरुंदपणा, आवळले जाणे. 'सोअर' म्हणजे दुखरा आणि 'सॉरी' म्हणजे खिन्न, हे दोन्ही एकाच अस्सल इंग्रजी घराण्यातले आहेत. 'सॉरो' मात्र दिसण्यात त्यांचा भाऊबंद असला तरी मुळाने निराळा. स्वतः 'पेन' हा शब्द तर लॅटिनमधील 'दंड' या अर्थाच्या शब्दापासून निघाला, आणि 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचद्वारा तेथे रुजला. वेदना ही शिक्षा होय, ही कल्पना अद्याप मेलेली नाही. 1975 मध्ये रोनाल्ड मेलझॅक यांनी कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात रोग्यांसाठी जी 78 वेदनाशब्दांची प्रश्नावली सिद्ध केली, तीत 'पनिशिंग' हा शब्द आहेच.

आता आपल्या घराकडे वळू. मळवलीच्या दक्षिणेस असलेली भाज्यांची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली जाऊ लागली. तेथे चौदा स्तूपांचा एक समूह असून काहींवर दिवंगत थेरांची नावे आहेत. दुःखाचे विवेचन हाच ज्या धर्माचा पाया, त्या धर्माचे हे भिक्षू. बौद्धांच्या पाली ग्रंथांत जेथे 'दुक्ख' व 'दोमनस्स' हे शब्द जोडीने येतात, तेथे पहिला देहाची पीडा सांगतो आणि दुसरा मनाची. संयुत्त निकायात बाणाचा एक दृष्टान्त आहे. अज्ञ मनुष्यास एक बाण देहात लागतो, आणि त्याचा शोक करीत असता दुसरा मनात लागतो. त्या बाणासही तेथे 'सल्ल', म्हणजे आपले शल्यच, म्हटले आहे.

पुढे मराठीत या शब्दांची वाटणी चमत्कारिक रीतीने झाली. 'दुःख' हे संस्कृत रूप मनाकडे गेले आणि त्याचेच घरगुती रूप 'दुखणे' हे देहाच्या वाट्यास आले. पालीत 'वेदना' म्हणजे कोणताही अनुभव. सुखाचीही वेदना असे. मराठीत ती केवळ पीडेची उरली, आणि झिजून झालेले तिचे रूप 'वेणा' बाळंतिणीच्या खोलीत राहिले. अर्थात पोथीतला शब्द मनाचा, आणि बायकामाणसांच्या तोंडचा शब्द देहाचा. कळ, सणक, ठणका, ठसठस, चमक, कणकण, मुरडा ही सारी संपत्ती त्या दुसऱ्या तिजोरीतली आहे.

मोल्सवर्थ याने 1831 मध्ये आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला व 1857 मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती काढली, तेव्हा असल्या बोलीतील शब्दांस त्याने आदराने जागा दिली. त्यानेच आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी याने 1847 मध्ये पुरा केला. या दुसऱ्या दिशेने पाहू लागले, की एका 'पेन'च्या छत्राखाली आपले अनेक शब्द येऊन उभे राहतात. आम्ही इंग्रजी शिकलेल्यांनी छत्र तेवढे घेतले आणि त्याखालची माणसे विसरलो. आज आमच्या घरांतील मुलास ठणका व सणक यांतील भेद सांगता येत नाही. तो 'पेन होतंय' म्हणतो.

हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. हृदयविकाराचे पुष्कळ रोगी दुखत असल्याचे साफ नाकारतात. आवळते, दडपते, जड वाटते, असे सांगतात. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1772 मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने नाव निवडले ते 'अँजायना', म्हणजे गळा आवळल्यासारखी व्यथा. हा शब्द 'अँग्विश'चाच सगोत्र आहे. रोग्याचा शब्द त्याने ऐकला, म्हणून रोग ओळखला. 'दुखत नाही' एवढेच ऐकून कोणी शून्यावर खूण केली असती, तर त्या माउलीच्या छातीत मुलाचा शोक आहे की हृदयाचा विकार, की दोन्ही, हे तपासण्याचे कारणच उरले नसते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1979 मध्ये केलेल्या व्याख्येतही वेदना हा इंद्रियांचा आणि भावनेचा संयुक्त अनुभव मानला आहे. हे ऐक्य मावळच्या त्या बाईंच्या क्रियापदात आधीच होते.

आम्ही मुलास म्हणालो, "आकडा घालू नकोस. आजी म्हणाल्या तेच देवनागरीत लिही, आणि डॉक्टरांसमोर त्यांनाच बोलू दे." त्याने कागद गुडघ्यावर ठेवला व अकरा आकड्यांच्या खाली लिहिले, 'सलतंय'. इतक्यात गाडी आली.