दारूबंदीच्या जिल्ह्यात मुलांच्या हाती दारूची पिशवी

वर्धा, प्रतिनिधी –
महात्मा गांधी १९३६ साली सेगावात राहावयास आले आणि पुढे हेच गाव सेवाग्राम झाले. आचार्य विनोबा भावे यांचा पवनारचा आश्रमही याच जिल्ह्यात. या वारशाचा मान राखण्यासाठी वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी लागू आहे. जिल्ह्यातील बालगुन्हेगारीचा विचार मात्र या बंदीला वगळून करता येत नाही. दारू येथे अधिकृतपणे मिळत नाही, म्हणून ती चोरून आणावी लागते आणि चोरून आणणाऱ्याला कमी मजुरीत, कमी संशयात काम करणारा हात हवा असतो. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचा हात त्याला सोयीचा वाटतो.

जिल्ह्याची भौगोलिक रचना या व्यवहाराला पोषक आहे. एका बाजूला नागपूर, तर वर्धा नदीपलीकडे यवतमाळ व अमरावती. या तिन्ही जिल्ह्यांत परवानाधारक दुकाने आहेत. देशी-विदेशी दारू तिकडून येते. गावठी मोहाची दारू मात्र जिल्ह्यातच गाळली जाते. नाल्याकाठी, झुडपांत पुरून ठेवलेला मोहा सडवा नष्ट करण्याची पोलिसांची 'वॉश आऊट' मोहीम वर्धेकर वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. या मोहिमांचा रोख अनेकदा पारधी बेड्यांकडे असतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला, त्यांत पारधी समाजातील काही गटही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय उरला. बेड्यावर वाढणारे मूल शाळेच्या आधी पोलिसांची गाडी ओळखू लागते. त्याच्या पुढील वर्तनाचा हिशेब मांडताना हे विसरून चालणार नाही.

धर्म आणि परंपरा यांचा प्रभाव येथे एकाच दिशेने काम करीत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातील अनेक खेड्यांत चालते. व्यसनमुक्ती हा महाराजांच्या उपदेशाचा गाभा होता. संध्याकाळी प्रार्थनेला बसणाऱ्या मुलाला तेवढा वेळ तरी नाक्यापासून दूर राहता येते, हा तिचा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत मोठा उपयोग. दुसरीकडे गोंड कुटुंबांत मोहाच्या फुलाला आणि दारूला देवकार्यात स्थान आहे. जी वस्तू घरात देवापुढे ठेवली जाते, तीच ठाण्यात मुद्देमाल होते. हा भेद मुलाला कोणी समजावून सांगत नाही. पोळ्याचेही तसेच. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा लाकडी नंदीबैल सजवून आणणाऱ्या मुलांचा आनंदसोहळा म्हणून प्रसिद्ध आहे. पण पोळ्याच्या निमित्ताने जुगाराचे डाव मांडण्याची रीतही विदर्भात जुनी आहे, आणि ते डाव मुलांच्या देखतच चालतात.

कायद्याची भूमिका मुलांबाबत स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास 'बालगुन्हेगार' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हटले जाते. त्यास कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक महिला. गुन्हा निर्घृण स्वरूपाचा नसेल आणि त्यात प्रौढांचा सहभाग नसेल, तर मुलाविरुद्ध प्राथमिक माहिती अहवालही नोंदवायचा नसतो. दैनंदिनीत नोंद करून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल पाठवायचा असतो. घर कसे आहे, शाळा कधी सुटली, कामाला कोणी लावले, याची उत्तरे याच अहवालात यावयाची असतात.

मुलाला कामाला लावणाऱ्याचे काय? याच अधिनियमाच्या कलम ७८ नुसार दारू किंवा अमली पदार्थांची विक्री, वाहतूक वा पुरवठा यांसाठी बालकाचा वापर करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र ठरविले. त्यामुळे केवळ या कलमाखाली पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना तपास करता येत नाही. दारूबंदी कायद्याखालील दखलपात्र गुन्हा सोबत असेल, तर दोन्हींचा तपास होऊ शकतो. म्हणूनच पिशवीसह मूल सापडते, त्या क्षणी माल कोणाचा हे विचारले आणि लिहिले जाणे निर्णायक ठरते. ते लिहिले न गेल्यास कागदावर एकटे मूलच उरते आणि मालक दुसऱ्या दिवशी दुसरे मूल शोधतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. अवैध विक्री व गुन्हेगारीत महिला आणि बालकांचा वाढलेला सहभाग हे त्यामागील एक कारण देण्यात आले होते. गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. बंदी उठविल्याने मुलांचा प्रश्न सुटतो, असे मात्र मानण्याचे कारण नाही. दारूड्या बापाच्या घरातून बाहेर पडणारे मूल परवान्याच्या गावातही असतेच. गावोगावच्या महिला मंडळांनी बंदीसाठी काढलेले मोर्चे याच अनुभवातून निघाले आहेत.

प्रकरण निकाली निघाल्यावर मुलाच्या भविष्यावर त्याचा डाग राहू नये, अशी तरतूद कलम २४ मध्ये आहे. त्यामुळे मुलाला शाळेत प्रवेश नाकारण्यासाठी हे प्रकरण पुढे करता येत नाही. मुलाचा असा वापर होत असल्याचे आढळल्यास कोणाही नागरिकास १०९८ या क्रमांकावर कळविता येते.